पाठ टेकू नये

सांगलीत "तालमीला चाललोय" हे वाक्य जपून उच्चारावं. इथं तालमी दोन प्रकारच्या. एकीत तांबडी माती असते, दुसरीत चहा. माझ्यासारखा पोट सुटलेला माणूस असं म्हणाला की गल्लीतली माणसं आधी पोटाकडं बघतात आणि मग "करा करा, अजून उशीर झाला नाही," असा धीर देतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' उभं केलं. पण या नाट्यपंढरीत तालीम या शब्दाचा सातबारा अजून पैलवानांच्याच नावावर आहे.

मी नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशांवर, पोट भरणारा नट. नव्या नाटकात सासरा आहे, दुसऱ्या अंकात मरतो. संवाद अकरा, मरण एक. संवाद दोन दिवसांत पाठ झाले, मरण तीन आठवडे बसेना. छातीवर हात, अर्धी गिरकी आणि धाडकन उताणं! चेहरा प्रेक्षकांना दिसला पाहिजे. मी पडलो की दिग्दर्शक म्हणायचे, "पुन्हा. तुम्ही मरत नाही आहात, खुर्ची शोधताय." शोधत होतोच. बावन्नाव्या वर्षी माकडहाड ही जपायची वस्तू असते.

मेल्यावरचं काम तर त्याहून अवघड. सून उशाशी बसून दीड पान रडते. तेवढ्या वेळात पोट हलता कामा नये, म्हणून श्वास वरच्या वर घ्यायचा, तोही तिच्या हुंदक्याआड. त्यात कृष्णाकाठचे डास. त्यांना मेलेला आणि जिवंत यांतला फरक बरोबर कळतो.

मग घरी सराव सुरू केला. खालच्या मजल्यावरचे आबा जिना चढून वर आले.

"कोण पडलं ओ?"

"मीच."

"कितींदा?"

"सकाळपासनं नऊ."

आबा कवठेपिरानकडचे. हिंदकेसरी मारुती माने यांचं ते गाव, त्यामुळं तिथल्या पोरांना मातीत उतरायला वेगळं कारण लागत नसे. त्यांनी गादी ओढली, धोतर खोचलं आणि शिकवायला लागले. "हनुवटी छातीला लावा. आधी गुडघा, मग बूड, मग खांदा. डोकं सगळ्यात शेवटी. हात मागं टेकवू नका, मनगट जाईल." मी तसा पडलो आणि काय सांगू, आवाज झाला पण लागलं नाही!

"आता झटक्यात पालथं व्हा," आबा म्हणाले.

"आबा, उताणंच राहायचंय."

"पाठ टेकून?"

"हो."

"मुद्दाम?"

"त्याचेच तर पैसे मिळतात."

आबा गादीवरून उठले. "पैशे घेऊन पाठ टेकणाऱ्याला आमच्यात काय म्हणत्यात, ठावं हाय न्हवं?" एवढं बोलून खाली गेले. दोन दिवस जिन्यात भेटले तरी बोलले नाहीत.

तरी पहिल्या प्रयोगाचा पास दिला. आले, फेटा बांधून, चौथ्या रांगेत. दुसरा अंक. छातीवर हात, गिरकी, गुडघा, बूड, खांदा, पाठ. सभागृह चिडीचूप. सुनेनं पहिला हुंदका दिला आणि अंधारातून खणखणीत आवाज आला,

"आरं, पालथा हो! पालथा हो!"

तीन आठवडे कुणी सांगेल तसं पडायची सवय. मेलेला सासरा झटक्यात पालथा झाला.