रोमच्या ‘नाकाड्या’ नळांचं पाणी बेलाशक प्या

युरोप सहलीच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय: ‘रोममध्ये रस्त्यावर अखंड वाहणारं पाणी पिऊ नका. ते प्राचीन दगडी कालव्यांचं, न तपासलेलं असतं, म्हणून तर त्यात पांढरा गाळ येतो. बाटलीबंदच घ्या, नाहीतर उकळून प्या.’ हे वाचून लोक ऐन जुलैच्या उन्हात तहान मारत फिरतात.

हे बिडाचे नळ म्हणजे नासोने, शब्दशः मोठं नाक. ते १८७४पासून बसवले गेले आणि आज शहरात सुमारे अडीच हजार आहेत. घरोघरी जाणाऱ्या पाणीपुरवठ्याच्याच जाळ्यावर ते जोडलेले आहेत. पाणी मुख्यतः रोमच्या ईशान्येकडच्या रिएती शहराजवळच्या पेस्किएरा झऱ्यांचं. युरोपीय नियमानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू शून्यच असावा लागतो. धार अखंड असल्यामुळे पाणी नळीत साचत नाही, उन्हानं तापत नाही. साचलेलं पाणीच तर जंतूंना मानवतं!

पांढऱ्या रंगाचं म्हणाल तर त्याची कारणं दोन. पेला भरताच पाणी दुधाळ दिसलं आणि तळाकडून वर निवळत गेलं, तर ती नुसती हवा. किटलीच्या बुडाशी पापुद्रे जमले तर तो चुना: डोंगर चुनखडीचे, म्हणून पाणी जड. त्यानं अपाय होत नाही. उलट उकळल्यावरच तो चुना सुटून दिसू लागतो. किटलीत लिंबू पिळून थोडं पाणी उकळा, थर निघून येईल.

नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, ते प्यायचं. बाटली भरताना तिचं तोंड नळाला टेकवू नका. पोट बिघडलं तर आधी बाटलीवर संशय घ्या. चार दिवस न धुता तीच भरत राहिलं की आतून बुळबुळीत थर धरतो.

सावधगिरी हवीच, पण वेगळ्या ठिकाणी. जुन्या इमारतीत शिशाची नळी असू शकते, तेव्हा सकाळी पाणी चांगलं गार लागेपर्यंत वाहू द्या. चहासाठी गरम नळाचं पाणी घेऊ नका. प्रसिद्ध त्रेवी कारंज्याच्या हौदातलं पाणी फिरवून वापरलेलं असतं, ते पिण्याचं नाही. आणि ‘आक्वा नॉन पोताबिले’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी दिसली, रेल्वेच्या शौचालयातही, तर तिथे फक्त हात धुवा.