मुली शिकल्या म्हणून पोरं बिनलग्नाची राहिली?

‘मुलींना दहावीच्या पुढं शिकवलं म्हणून शेतकऱ्याच्या पोरांना बायका मिळेनात’ अशी लांबलचक पोस्ट सध्या भावकीच्या ग्रुपवर फिरतेय. काल ती वहिनीच्या मोबाईलवर आली आणि दादाने पुतणीच्या अकरावीचा विषयच थंड केला. तेव्हा आता बोलावंच लागेल.

मुली कमी पडल्या हे खरं. पण कशामुळे? २००१ ची जनगणना उघडा. शून्य ते सहा वयात दर हजार मुलांमागे मुली होत्या महाराष्ट्रात ९१३, सांगलीत ८५१, कोल्हापुरात ८३९. तेव्हाची ती पोरं आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे नेमकी जी स्थळं शोधत फिरतायत तीच. त्यांच्या जोडीच्या मुली कॉलेजात गेल्या म्हणून कमी झाल्या नाहीत, त्या सोनोग्राफीच्या पुढं आल्याच नाहीत. तेही ऊस-पाणी-पैसा असलेल्या पट्ट्यात आणि १९९४ चा गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा असताना. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बिनलग्नाची पोरं नवरदेव बनून जिल्हाधिकारी कचेरीवर गेली, त्यांनीसुद्धा याच कायद्याची नीट अंमलबजावणी करा असंच म्हटलं होतं. पोस्टवाल्याला मात्र दोष सापडला मुलींच्या दप्तरात!

शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुली आहेत, एवढं मान्य करते. पण त्यांच्या आधी त्यांचा बापच नको म्हणतो. स्वतः शेतकरी, आणि जावई हवा नोकरीवाला, वर गावाकडे बागायतही हवी. मुलगी तरी काय बघत मोठी झाली? आई पहाटे धारा काढते, डबे करते, दिवसभर खुरपते आणि उसाचं बिल जमा होतं बाबांच्या खात्यावर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीनधारकांत बायका जेमतेम १४ टक्के. अशा घरात सून म्हणून कोण हौसेनं जाईल?

पोस्ट पुढं म्हणते, ‘मुलींना कष्ट नकोत, आयतं हवंय.’ पहाटे पाचला आमच्या फाट्यावर या. पोलीस भरतीच्या मुली डांबरी रस्त्यावर आठशे मीटर मारत असतात. एकीजवळ गोळाफेकीचा गोळा नाही, ती तेवढ्याच वजनाचा दगड फेकते. मग घरी जाऊन भाकऱ्या थापते आणि कॉलेजची एसटी धरते.

‘सरकार सगळं फुकट देतं.’ बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ आहे. बरं, खोलीभाडं आणि मेस कोण भरतं?

‘शिकलेल्या सुना सासू-सासऱ्यांना बघत नाहीत’ याला उत्तर द्यायला मला वेळ नाही. लेक कुठे असतो म्हणे तेव्हा?

पोरांच्या लग्नाची एवढीच काळजी असेल तर शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. ग्रुपमधल्या किती जणांनी तो अर्ज केलाय?