कचऱ्याचे कायदे असे पाळा की पाळावेच लागणार नाहीत

नवीन फ्लॅट घेतलाय म्हणे, अभिनंदन. पार्किंगची भांडणं, पाण्याचे टँकर हे हळूहळू शिकालच, पण कचऱ्याचं आधी शिकून घ्या, कारण कायदा माहीत नसलेला माणूस कधीकधी तो चुकून पाळून बसतो.

2016 ला घनकचऱ्याचे नियम आले (त्याआधी 2000 चे होते, तेही आपण असेच पाळले). त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करून द्यायला सांगितलं होतं. आता सकाळी बेल वाजते तेव्हा इकडे कुकर शिट्ट्या मारतोय, तिकडे पोराचा सॉक्स सापडत नाहीये, कोण वेगळं करत बसणार? एकच काळी पिशवी घ्या, त्यात कालची आमटी, फुटलेली ट्यूब, डायपर सगळं सुखाने नांदू द्या आणि वर गच्च गाठ मारा. गाठ महत्त्वाची. गाठ मारली की तो कचरा आपला राहत नाही, खाली कचरा वेचणाऱ्या ताई ती नखांनी सोडवतात आणि आमटीतून ट्यूबच्या काचा वेचून काढतात तेव्हापासून तो त्यांचा. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा असं त्या कितीदा सांगून गेल्यात, पण घरात लाल पेन असतं का कधी?

सोसायटी मोठी असेल तर तिला ओला कचरा जागेवरच जिरवायचाय. घाबरू नका, आमच्याकडे खताचा मस्त पिट आहे, त्याचा फोटोही काढलाय, सध्या आत दोन सायकली आणि गणपतीचं थर्माकोलचं मखर जिरतंय. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर कामाचे तीन दिवस आधी पालिकेला कळवायचं असंही नियमात आहे. आत्याच्या नणंदेच्या जावेला आमंत्रण जातं, पण मुंजीचं पालिकेला कळवलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

पातळ पिशव्यांचं म्हणाल तर बांगलादेशाने त्या 2002 मध्येच बंद केल्या, पुरात गटारं तुंबली म्हणून. केनियात 2017 पासून चार वर्षांपर्यंत तुरुंग किंवा 40 लाख शिलिंगपर्यंत दंड, त्यामुळे नैरोबीला जाताना चकलीचा डबाच न्या. आपल्याकडे 2018 पासून पहिल्या वेळी 5000 रुपये दंड आहे, म्हणून तर भाजीवाल्या मावशी पिशवी तागडीखालून काढतात, आपण नाही नाही म्हणत घेतो आणि त्याच पिशवीत उद्याचा कचरा भरतो. याला पुनर्वापर म्हणायचं.

फिलिपिन्समध्ये जुलै 2000 मध्ये पायातासचा कचऱ्याचा डोंगर वस्तीवर कोसळला, दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि मग काही महिन्यांत वर्षानुवर्षं रखडलेला कायदा झाला. आपला पुण्याचा डोंगर उरुळी देवाची आणि फुरसुंगीला, म्हणजे आपल्या गॅलरीतून दिसत नाही इतक्या सोयीच्या अंतरावर. तिथले गावकरी वास आणि खराब झालेल्या विहिरींना कंटाळून गाड्या अडवतात तेव्हा ग्रुपवर लगेच टाकायचं, "शहराला वेठीस धरतात हे लोक." स्पेलिंग चुकलं तरी चालेल, संताप दिसला पाहिजे.

राहिलं निर्माल्य. ते मुळात कचरा नाहीच, ते पवित्र आहे, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मुठेवरच्या पुलावर न्यायचं. कलश कडेलाच ठेवलाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पुलाला जाळी लावलीय, तिच्यावर आधीच्या भक्तांच्या चारपाच पिशव्या लटकलेल्या दिसतील, त्यांच्यासारखा अंदाज चुकवू नका, गाडी चालू ठेवून हात जरा उंच न्या आणि सोडा. मग हात जोडा. पिशवी बुडायची वाट मात्र बघू नका, ती बुडत नाही.