हायब्रिड गटिंग: पॉली उभीच हवी, असं नाही

इंदूरच्या टेनिस कोर्टांवर सध्या एक ठाम सल्ला फिरतोय: हायब्रिडमध्ये, म्हणजे रॅकेटच्या उभ्या आणि आडव्या तारा वेगवेगळ्या प्रकारच्या असताना, पॉलिएस्टर (पॉली, कडक तार) उभ्या तारांतच, दोन्ही एकाच ताणावर. हे अर्धंच खरं. रॅकेटचा स्वभाव मुख्यतः उभ्या तारा ठरवतात. तिथे पॉली घातली तर फिरकी आणि ताबा मिळतो, पण कोपराला धक्केही जास्त. फेडररच्या उभ्या तारा नॅचरल गटच्या (प्राण्यांच्या आतड्यापासून बनलेली मऊ तार), आडव्या पॉलीच्या होत्या. कोपर दुखत असेल तर उभ्या मल्टिफिलामेंट (मल्टी, अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) घ्या. मात्र आडवी पॉली त्यांत खाचा पाडते, त्या लवकर तुटतात. पॉली साधारण 2-3 पौंड सैल ओढा: मल्टी 52, पॉली 49. आणि मे महिन्यात रॅकेट बंद गाडीत? नकोच, ताण उतरतो.