समुद्री गाईच्या तेलाचा तो मेसेज पुढे पाठवू नका

आठवडाभर नाशिकच्या ग्रुपांवर तो मेसेज फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो, पण काल पंचवटीतल्या मावशीचा फोन आला, "अरे, ते समुद्री गाईचं तेल मुंबईला मिळतं म्हणे, गुडघ्याला लावून बघू का?" तेव्हा मात्र डोकं सरकलं. मेसेजचं म्हणणं असं: समुद्री गाय म्हणजे डुगाँग मासे फस्त करते, तशीही ती आपोआप संपत चाललीय, मग मेलेलीचं तेल काढलं तर पाप नाही, त्या तेलाने सांधेदुखी जाते, आणि सरकारने तिच्यासाठी जागा राखलीय तेव्हा काळजी नसावी.

मासे खाते हे धादांत खोटं. ती उथळ समुद्राच्या तळाशी उगवणारं गवत खाते, दिवसाला तीस-चाळीस किलोपर्यंत.

आता तेल. त्याने गुडघे बरे होतात याला काडीचा पुरावा नाही, रस्त्याकडेला सांड्याचं तेल विकतात त्यातलाच हा प्रकार. आणि "मेलेलीचं" म्हणजे काय हो? बाटली घेणाऱ्याला कसं कळणार ती मेलेली होती की मारलेली? एकदा तेलाला भाव आला की जाळ्यात जिवंत सापडलेली सोडून देणार कोण? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती, म्हणजे वाघाच्या रांगेत. तिचं मांस, तेल विकणं तर सोडाच, विकत घेणं आणि घरात ठेवणंसुद्धा गुन्हा, 3 ते 7 वर्षं कैद. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणे मेसेजमध्ये तसं काही नव्हतं. नसणारच ना!

"आपोआप संपतेय" यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. प्रदूषणाने, गाळाने समुद्री गवताची कुरणं खराब होतात आणि मग तिची उपासमार होते. पण हे आपोआप कसं, ते गाळ-प्रदूषण तरी कुणाचं? शिवाय मोठा घात जाळ्यांचा. तिला दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात अडकली की पाण्याखालीच गुदमरून मरते. मादी तेरा-चौदा महिने गाभण असते, एका वेळी एकच पिल्लू, आणि दोन पिल्लांमध्ये 3 ते 7 वर्षांचं अंतर, त्यामुळे वर्षाला चार-पाच माद्या जरी गेल्या तरी ती तूट भरून निघायला किती वर्षं लागतील विचार करा. कोळ्यांना सरसकट दोष देऊ नका मात्र, तमिळनाडूत जाळ्यात आलेल्या डुगाँगला कोळ्यांनीच जाळं कापून सोडल्याच्या घटना आहेत, त्यात नवं जाळं वाया जातं तरी.

राखीव जागेचं खरं आहे. 2022 मध्ये तमिळनाडू सरकारने पाल्कच्या उपसागरात 448 चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं पहिलं. पण ते का केलं? तर तेव्हा सरकारचाच अंदाज होता की अख्ख्या देशात साधारण 240 उरल्यात. काळजी नसती तर राखीव क्षेत्र कशाला केलं असतं?

मावशीला अस्थिरोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेऊन दिलीय. तुम्हाला कुणी असली बाटली दाखवली तर वनविभागाच्या 1926 नंबरला कळवा, आणि तो मेसेज ज्याने पाठवला त्यालाच उलट हे पाठवा.