'फुटबॉलपटू करच भरत नाहीत' म्हणे!

'युरोपातल्या फुटबॉलपटूंच्या श्रीमंतीची गुपितं' नावाचा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो भाच्याकडून आला, खाली त्याचा शेरा: 'मीपण कंपनी काढणार!' म्हणून हा खटाटोप.

पहिलं गुपित म्हणे, खेळाडू पगार स्वतःच्या कंपनीत घेतो आणि करातून सुटतो. साफ खोटं. इंग्लंडमध्ये क्लब पगार देतो तोच कर कापून. वर्षाला १,२५,१४० पौंडांच्या वरच्या कमाईवर ४५ टक्के आयकर, शिवाय २ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची कपात. कंपनीत जातात ते इमेज राइट्सचे पैसे, म्हणजे नाव-चेहरा वापरू देण्याचा मोबदला. एवढं अर्धसत्य मान्य करावं लागतं. २००० साली आर्सेनल या इंग्लिश क्लबच्या डेनिस बर्गकाम्प आणि डेव्हिड प्लॅट यांच्या प्रकरणात असे करार खरे व्यापारी करार ठरले, पगाराचं सोंग नव्हे. पण चेहऱ्याला बाजारात किंमत हवी ना! बाकावर बसणाऱ्या राखीव बचावपटूच्या फोटोचे लाखो पौंड दाखवले, तर करखातं तो पगारच धरणार.

बरं, हिशेब तरी करा. कंपनीत १०० पौंड आले. नफा अडीच लाखांच्या वर असेल तर २५ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स. उरले ७५. ते लाभांश म्हणून घरी न्यायचे तर वरच्या टप्प्यात ३९.३५ टक्के. हातात जेमतेम साडेपंचेचाळीस. तेच पगारातून आले असते तर ५३! फायदा होतो तो पैसे कंपनीतच ठेवून गुंतवले तर, आणि तेव्हाही काढताना कर भरावाच लागतो. कंपनीच्या खात्यातून घरची गाडी घेतली की तिच्यावर वेगळा कर.

'कंपनी परदेशात काढा' हा सल्ला तर थेट कोर्टात नेणारा. मेस्सीचे २००७ ते २००९ चे इमेज राइट्सचे पैसे बेलीझ, उरुग्वेतल्या कंपन्यांतून फिरवले गेले. ४१ लाख युरोंचा कर बुडवल्याबद्दल २०१६ मध्ये त्याला २१ महिन्यांची शिक्षा झाली, पुढे तिच्या जागी दंड भरावा लागला. 'वडील व्यवहार बघायचे, मी फक्त सह्या करायचो' हा बचाव टिकला नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची.

फॉरवर्ड म्हणतो, आर्सेनलचा माजी खेळाडू मॅथ्यू फ्लामिनी अब्जाधीश आहे. खरंच? २० अब्ज पौंड हा त्याच्या कंपनीच्या रसायनाच्या संभाव्य बाजारपेठेचा आकडा होता, त्याच्या खिशातला नव्हे. पुढे चला.

'करार झाला की दुखापतीची चिंता नाही' हेही अर्धवट. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेच्या ठरावीक नमुन्याच्या करारात कायमचं अपंगत्व आलं, किंवा एकाच दुखापतीमुळे २० महिन्यांत १८ महिने खेळता आलं नाही, तर क्लब नोटीस देऊन करार संपवू शकतो. नोटीस प्रकरणानुसार १२ किंवा सहा महिन्यांची. क्लबने स्वतःसाठी काढलेल्या विम्याचे पैसे क्लबला मिळतात. खेळाडूने आपली पॉलिसी वेगळी काढायची असते, तीही धडधाकट असताना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गेलात, तर बहुधा तो गुडघा वगळूनच विमा मिळतो.