प्रोजेक्ट पोरीचा आहे, माझा नाही!

डोकं फिरलंय नुसतं. दुसरीतल्या पोरीच्या डायरीत लाल पेनाने शेरा आलाय, "प्रोजेक्ट नीटनेटका नाही, पालकांचा सहभाग दिसत नाही." अहो दिसेल कसा, प्रोजेक्ट तिचा होता, तिने केला!

सूर्यमाला करायची होती. पृथ्वी म्हणून तिने एक निळा मणी घेतला, आणि गुरू पृथ्वीच्या साधारण अकरा पट रुंद असतो हे कळल्यावर तसेच अकरा मणी ओळीत लावून त्या मापाचा कागदाचा गोळा बांधत बसली, सुटला की परत चिकटवायची, बोटांना डिंक, केसांना डिंक. शनीची कडी वाकडी कापली गेली, सात वर्षांचा हात आहे तो, जाणारच. तर हे सगळं ठेवलं कुठे, कपाटाच्या मागे! पुढे टेबलावर थर्माकोलचे चकचकीत गोळे, सगळे एका मापाचे, खाली प्रिंट काढलेली नावं, आणि ज्याला पहिला नंबर दिला त्यात चक्क नऊ ग्रह. प्लूटोला 2006 सालीच ग्रहांच्या यादीतून काढलंय, ही पोरं जन्मलीही नव्हती तेव्हा. पोरीने टीचरना विचारलं तर म्हणे "तू आधी तुझं बघ". घरी येऊन मला विचारते, आई, तू का नाही केलंस माझं? काय सांगू तिला?

ते गोळे कुठल्या पोराने केलेत हो? सगळ्यांना माहितीय रात्री कोण जागतं ते. टीचरना पण माहितीय, तरी नंबर देतात, हेच जास्त खुपतं.

आणि ग्रुपचं तर बोलूच नका. रात्री दहाला मेसेज, उद्या हिरवा चार्ट पेपर पाठवा. मीटिंग कायम कामाच्या दिवशी भर अकराला, गेलं नाही की "मुलांसाठी एवढा वेळ काढायलाच हवा". आणि हे ऐकायचं फक्त आयांनी, बाबा लोक वर्षातून एकदा आले तरी कौतुक! वर रोज तासभर होमवर्क. हॅरिस कूपर नावाच्या संशोधकाने होमवर्कवरचा ढीगभर अभ्यास तपासून 2006 मध्ये मांडलंय की प्राथमिकच्या मुलांच्या प्रगतीशी त्याचा संबंध मोठ्या मुलांच्या मानाने फारच कमी दिसतो. इयत्तेमागे दहा मिनिटं पुरे असंही त्यांचंच म्हणणं, म्हणजे दुसरीला वीस. आमच्याकडे वीस मिनिटं तर नुसत्या मार्जिन आखण्यात जातात, कारण मार्जिन तिरकी गेली की पान परत लिहायचं.

शाळेच्या अपेक्षा जास्त आहेत म्हणे. असू देत ना, मलाही तेच हवंय, म्हणून तर ही शाळा निवडली! पण अपेक्षा मुलांकडून ठेवा. सात वर्षांची मुलगी माप लावून ग्रह करते, चुकलेला ग्रह ओळखून प्रश्न विचारते, याहून जास्त काय पाहिजे तुम्हाला? मी वाचून दाखवीन, तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधायला बसेन, शाळेत झाडलोट करायला बोलावलंत तरी येईन. कात्री मात्र तिच्याच हातात राहणार.

आत्ताच पुढचा मेसेज आलाय, "पर्यावरणपूरक घर, सोमवारपर्यंत, सुबक हवं." ती करेल. भिंत कलली तर कललेली भिंत येईल शाळेत, आणि या वेळी ती कपाटामागे गेली तर मी थेट मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसणार आहे.